बाजाराचा दिवस

“खाली ठेवायचं नाही,” प्रमिलाबाईंनी बजावलं. “तिची आई ठेवत नाही, तुम्हीही ठेवायचं नाही.”

जीवराम कंपाउंडरने सात वर्षांच्या हीराला कडेवर सारखं केलं. वीस वर्षं त्याने बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि बायाबापड्यांना खिडकीतून ‘उद्या या’ सांगितलं होतं. खिडकीच्या पलीकडे पोर घेऊन उभं राहायची पाळी त्याच्यावर आली नव्हती.

पाचोऱ्याच्या धर्मशाळेत शिक्षणवर्ग भरला होता. पोलिओने पाय गेलेल्या मुलांची कामं दवाखाना, डॉक्टर, मिस्त्री आणि शाळा यांनी एकमेकांशी बोलून कशी करावीत, हे शिकवायला प्रमिलाबाई जळगावहून जीपने आल्या होत्या. भाषण असेल म्हणून मंडळी वह्या घेऊन बसली होती. बाईंनी चार कोपऱ्यांत चार टेबलं मांडायला लावली आणि जीवरामला हीराची आई केलं. खरी आई, ताईबाई, दाराशी बसून हे सोंग बघत होती.

पहिल्या टेबलाशी नर्सबाई. “डॉक्टरांची चिठ्ठी आणा.”

दुसऱ्याशी हाडांचे तरुण डॉक्टर, महिन्यातून एकदा धुळ्याहून येणारे. “आधी जुना बूट मिस्त्रीला दाखवा.”

तिसऱ्याशी मगन मिस्त्री. अशा पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट तोच करी. “नव्या तारखेच्या कागदाशिवाय मी माप घेत नाही.”

चौथ्याशी गुरुजी. सवयीने चष्मा कपाळावर नेत ते म्हणाले, “इतके दिवस शाळेत नाही? कंपाउंडरचा दाखला आणा.”

“माझाच?” जीवरामने विचारलं.

सगळी धर्मशाळा हसली. गुरुजी जरा उशिरा हसले, पण हसले. हीराने जीवरामच्या कानाशी तोंड नेलं. “दमनात का, भाऊ?”

“नही व माय,” तो म्हणाला. मानेवरून ओघळणारा घाम वेगळंच सांगत होता.

मग चारी टेबलं जोडली. नर्सबाईंनी हीराचा गुडघा चाचपून पाहिला. “आखडत चाललाय. दिवाळीआधी नवा बूट चढला नाही, तर हा पुन्हा सरळ व्हायचा नाही.”

आता कुणी हसलं नाही. जुना बूट तोकडा झाल्याला वर्ष होत आलं होतं. ताईबाईला तीनदा बोलावून झालं होतं, आणि तिन्ही वेळा जीवरामने रजिस्टरात आपल्या झोकदार अक्षरात लिहिलं होतं : ‘आली नाही. आईची हेळसांड.’

“एकच दिवस ठरवा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “सगळं त्याच दिवशी, एकाच ठिकाणी.”

“बाजाराचा दिवस धरा,” जीवराम लगेच म्हणाला. “मी नेहमी तोच देतो. सगळं गाव इकडे येतंच. गाड्यांना तोटा नाही.”

सगळ्यांना पटलं. डॉक्टरांनी आपला फेरा त्या दिवसावर आणायचं कबूल केलं. मगन हत्यारांची पेटी घेऊन येणार होता. गुरुजी तर म्हणाले, “त्या दिवशी पोरीला हजर मांडतो,” आणि आपल्या औदार्याकडे कुणी बघतंय का, ते बघितलं. प्रमिलाबाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘बाजाराचा दिवस’ लिहून खाली रेघ ओढली.

ताईबाईला वाचता येत नव्हतं. जीवरामने दाराशी जाऊन सांगितलं.

“बरं भाऊ,” ती म्हणाली.

जीवराम तिथेच घुटमळला. माणसांच्या ‘बरं’चे प्रकार खिडकीत बसून त्याला चांगले कळत. हे ‘बरं’ याआधी त्याने तीनदा ऐकलं होतं. असंच मऊ, असंच खाली बघून.

“ताईबाई, त्या दिनले काही अडचन शे का?”

ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. बोलली ती त्याच्या कडेवरची हीरा.

“बजारना दिनले गाड्या भरेल ऱ्हातस, भाऊ. मिरचीनी पोती. माले जागा देत नहीत. मंग माय माले उचलीसन पायी आनस.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रस्ता सांगावा तसं ती सांगत होती. “तीनदाव उनूत आम्ही. तुम्हनं दार लायेल व्हतं.”

तिन्ही वेळा मायलेकी आल्या होत्या, पण दवाखाना चारला बंद होई. कुलूप जीवरामच लावी.

मगन मिस्त्री आपल्याच बोटांकडे बघू लागला. प्रमिलाबाईंनी फडकं घेतलं आणि फळा पुसला.

जीवराम पोरीसकट ताईबाईपुढे उकिडवा बसला. खाकरला. “मंग तुम्हीच सांगा. कोनता वार?”

तिने मागे वळून पाहिलं. मागे रिकामं अंगण होतं.

“मी सांगू?”

“तुम्हीच.”

ताईबाईने डावा हात उघडला आणि पेरांवर अंगठा टेकवत एकेक वार मोजायला घेतला. कोणत्या वारी कुणाची गाडी रिकामी, कोणत्या वारी मजुरीवरचा मुकादम रजा देईल. शनिवारपाशी अंगठा थबकला, नाही म्हणून मान हलली, आणि तो पुन्हा सोमवारवर आला. डॉक्टर पेनचं टोपण काढून बसले होते. घाई कुणीच केली नाही.