चाक समुद्रात उतरेपर्यंत

नैवेद्य दाखवून झाला होता. साधनाने पळीतली आमटी थेंबभर प्रफुल्लच्या डाव्या तळहातावर घातली.

"मीठ बरोबर?"

"फर्स्ट क्लास."

स्वतः मीठ सोडल्यापासून तिला स्वयंपाक चाखता येत नव्हता. नवरा सांगेल ती चव. वणीच्या गडावर देवीपुढे ती बोलली होती, यांचं चाक समुद्रात फिरू दे, पाण्याखालच्या प्रवाहावर वीज होऊ दे, मगच मीठ तोंडात घालीन.

आज जेवायला अमोल होता. पूर्वी अंबडच्या वर्कशॉपमध्ये प्रफुल्लच्या हाताखाली असायचा, आता निफाडला स्वतःचं बघतो. येताना द्राक्षं घेऊन आला होता. साधनाने दोघांच्या ताटात मीठ वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन बसली.

"वहिनी, तुम्हाला मीठ नको?"

"चाक उतरलं की खाईन. पावसाळा सरला की उतरवणार म्हणतात हे."

"कुठलं चाक?" अमोल हसला. "ते तर मागच्या दिवाळीतच भंगारात गेलं. पैसे लावणारी कंपनी मागं फिरली ना. पाती टेम्पोत मावेनात, मीच कटर लावला. का दादा, नवीन बनवलं की काय?"

प्रफुल्लने घास मोडला, पण उचलला नाही.

"मागच्या दिवाळीत," साधना नवऱ्याकडे बघत म्हणाली. "चकल्या तुम्हीच चाखल्या होत्या."

"सांगणारच होतो गं. पण तुझी एवढी श्रद्धा, मोडवेना." तो खाली बघत म्हणाला, "सोड आता ते. खा मीठ. देवी काय रागावते का?"

"कशी सोडू? चाक फिरल्याशिवाय नवस फिटत नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "आणि चाक तर तुम्ही ठेवलंच नाहीत."

"चुकलं, वहिनी," अमोल पुटपुटला.

"तुमचं काय चुकलं, भाऊजी? आहे ते सांगितलंत."

गॅसवर कढीला उकळी आली. ती उठली, गॅस बंद केला, पळी भरून घेतली. ती येताना दिसली तसा प्रफुल्लने सवयीने डावा हात पुढे केला.

साधना त्याच्या समोरून पुढे गेली.

"भाऊजी, हात पुढे करा. मीठ बरोबर आहे का, तेवढं सांगा."

प्रफुल्लचा तळहात तसाच उघडा होता.