ओट्यावरचं हैदराबाद

पोलीस ॲक्शन होऊन महिना लोटला, तरी परंड्यातल्या मुसलमान घरांतली भीती सरली नव्हती. गाव सोडायला निघालेल्या शेजारच्या खाजाभाईला उत्तरेश्वर आपल्या ओट्यावर कोळशानं हैदराबाद काढून दाखवत होता. तरुणपणी त्यानं तिथं टांगा हाकला होता. "याकुतपुऱ्यात लई दाटी हाय. मलकपेठंत हवा मोकळी, पन कामधंदा लांब. त्यापरीस नामपल्लीत घर बघा, टेसन जवळ पडंल." खाजाभाई नुसती मान हलवत होता. त्याची बायको बेगमबी मात्र कोळशाच्या रेघांखालचं सारवण बघत होती. मागच्या साली रझाकारांच्या धास्तीनं उत्तरेश्वरनं बायकापोरं घेऊन सोलापूर गाठलं, तेव्हा घर ओसाड दिसू नये म्हणून दर आठवड्याला तीच हा ओटा शेणानं सारवायची. "उत्तरेश्वरभाऊ," ती म्हणाली, "तुमी निगाला तवा कुठं ऱ्हानार, हे आमी इचारलं न्हाय. परत कवा येनार, एवढंच इचारलं व्हतं."