वरची ओळ

नेटवर्कचे साहेब, तुम्ही खोटं बोललात. केबल उंदरांनी खाल्ली, असं पणजीत सुनावणीत बसून सगळ्यांना सांगितलंत. पंचायतीतले उंदीर फार तर पाव खातात. केबल धड होती.

खाण वाढवायची की नाही, याची सुनावणी कॅमेऱ्यावर चालली होती. अधिकारी पणजीत, आणि डिचोली तालुक्यातलं हे गाव आपल्या पंचायतीच्या हॉलात, एका पडद्यासमोर. एक वाजता सुनावणी संपणार. गावाचं नाव पुकारलं तशी सुलोचना पदर खोचून खुर्चीवर बसली. तिच्या विहिरीचं पाणी खाणीच्या मातीने लाल झालंय, तेच ती सांगणार होती. "नमस्कार" म्हणाली, आणि पडदा मेला.

"गेलें गो?" पंच भिकाजी ओरडला. मोबाइलचा उपयोग नव्हता. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा डोंगर मध्ये उभा, रेंज पलीकडेच अडकते.

गौरवी कपाटाकडे धावली. तालुक्यातल्या पंचायतींचं नेटवर्क सांभाळणारी ही कंत्राटावरची मुलगी. कपाटात गेटवेची पेटी. गावातून बाहेर जाणारं आणि बाहेरून आत येणारं सगळं इंटरनेट तिच्यातून जातं. पेटीचे दिवे हिरवेगार होते. गौरवीने पेटीला केबल जोडून लॅपटॉप उघडला आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली: नियम दाखव.

ओळी आल्या. सगळ्यात वर एक नवी ओळ. सगळं अडव, एवढंच. पेटी वरून खाली वाचते. वरची ओळ लागू पडली की खालच्या ओळींकडे ती बघतसुद्धा नाही. उंदीर असलं काही लिहीत नाहीत.

तेवढ्यात पंचायतीचा जुना तारेचा फोन वाजला. पणजीहून, नेटवर्कचे साहेब.

"गौरवी, बरं झालं तू तिथे आहेस. अगं, मलाच इथून पेटीत जाता येईना झालंय. घाईत ओळ चुकीच्या जागी पडली."

"कुठली ओळ, सर?"

"ती सोड. माझा रस्ता तेवढा मोकळा कर. गावाचा राहू दे तसाच. एक वाजून गेला की मी काढतो."

गावाला कोंडायच्या घाईत साहेब स्वतःच बाहेर राहिले होते.

गौरवीने फोनच्या स्पीकरचं बटण दाबलं. "सर, आवाज तुटला. परत सांगा ना."

साहेबांनी परत सांगितलं, अगदी सावकाश. अख्ख्या हॉलाने ऐकलं. वर म्हणाले, "आणि तुझं कंत्राट मार्चात नवं व्हायचंय ना? बघ हां."

"बघते, सर." तिने फोन ठेवला.

"मेल्याक जेवण कशें जिरता गो?" सुलोचना म्हणाली.

भिकाजी पुढे झाला. "पेटी बंद करून चालू कर. आमी टीव्हीक तशेंच करतां."

"तशें केल्यार आदले नियम परत येतले, भिकाजीबाब. सायबाची वाटय उगडतली. तो आत येवन परत बंद करतलो."

"मागीर?"

गौरवीने नियमांची यादी खाली सरकवली. खालच्या एका ओळीत साहेबांना बाहेरून आत यायची परवानगी होती. ती ओळ काढली तर पणजीहून या पेटीला कुणाचाही हात लागणार नव्हता. काढणारीचं नाव मात्र साहेबांना विचारावं लागणार नव्हतं. बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

सुलोचना मागे येऊन उभी राहिली. "बाये, तुजी नोकरी सुटता जाल्यार हें रावंदी, करूं नाका. आमी पणजेक वचून सांगतलीं."

"एक वाजच्या आदीं पावतल्यो, मावशी?"

"ना."

गौरवीने आधी साहेबांची ओळ काढली. मग वरची.

पडदा उजळला. पणजीचे अध्यक्ष खाली बघून लिहून घ्यायला सांगत होते, "...या गावाची काही हरकत नाही, असं नोंदवून आपण पुढे..."

"थांब सायबा!" सुलोचना खुर्चीवर बसायच्या आधीच गरजली.

अध्यक्षांनी मान वर केली. "हां, आलात का? तांत्रिक अडचण होती, बाई. वेळ थोडा आहे. विहिरीबद्दल काय ते दोन शब्दांत सांगा."

सुलोचनाने खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात घेतली.

"बांयचें मागीर सांगतां. बांय तांबडी जाल्या, ती खंय पळून वचना. आदीं तुमी सांगात. हांव बोलूंक बसलें आनी म्हजें तोंड कोणें बंद केलें? पणजेक तुमच्याच मदीं बसला तो. ताचें नांव घेयात. हांव हांगाच बसल्यां."