एक फरशी, पन्नास पावलं

"आजी, जरा बुटांकडं लक्ष ठेवा," असं म्हणून नाशिकहून आलेले साहेब मोजे सावरत मारुतीच्या सभामंडपात शिरले. लंकाबाई तशीही खालच्या पायरीवर बसलेली होती. तिने मान डोलावली. तिच्याच पायरीवर काढून ठेवलेले बूट तपकिरी होते, नवेकोरे. त्यांची काळजी घ्यायला माणूस हवाच होता.

आत गोदाकाठच्या या गावातली गरिबी हटत होती. तसा फ्लेक्सच लावला होता: 'एकही घटक वंचित राहणार नाही.' फ्लेक्सवर साहेबांचा फोटो होता, घटकाचा नव्हता. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या पायल मॅडम गावातल्या बायकांना जमवून मंडपाच्या फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढून घेत होत्या. गरीब कोण हे सरकारने नाही, गावानेच ठरवायचं, अशी नवी टूम निघाली होती. नकाशातल्या ज्या घरावर लाल रांगोळी पडेल ते घर गरीब. दुपारी नकाशाचा फोटो निघणार आणि त्या फोटोवरून घरकुलाची यादी होणार. मग यादीत बदल नाही.

लंकाबाई त्या यादीसाठीच आली होती. गेल्या पुरात गोदावरीने तिच्या घराची मागची भिंत नेली. तिथे आता प्लॅस्टिकचा कागद आहे. तिने दोनदा अर्ज केला, दोनदा तो हरवला. हरवायचं काम तेवढं आपल्या कचेऱ्यांत चोख होतं.

"एक फरशी म्हणजे पन्नास पावलं," मॅडम बजावत होत्या. "आणि दिशा चुकायची नाही हं. नदी तिकडं आहे, म्हणजे नकाशातही तिकडंच."

बायकांनी सगळ्यात आधी सरपंच सावळीराम यांचा बंगला काढला. मग बंगल्याची गच्ची, दारातली गाडी, तुळस. एकट्या बंगल्याला चार फरश्या लागल्या. त्याची पावलं मोजायला कुणी गेलं नाही. मग ग्रामपंचायत आली, शाळा आली, कांद्याच्या चाळीसुद्धा आल्या. शाळेपुढचा रस्ता ओढ्यावरच्या पुलाशी पोचला तेव्हा मंडपाची कड आली होती. तिथे बायकांनी हात झटकले.

पुलापलीकडच्या खालच्या वस्तीतल्या बायका पायऱ्यांवर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना आत यायला कुणी अडवलं नव्हतं. आत या, असंही कुणी म्हटलं नव्हतं. असल्या बाबतीत आपली गावं फार सभ्य असतात.

साहेबांनी लाल घरं मोजली. चार निघाली. त्यातलं एक म्हणजे सरपंचांच्या मेहुण्याची ट्रॅक्टरची शेड होती. शेडला भिंती नव्हत्या, तेवढ्यापुरती ती गरीब होती.

"फक्त चार," साहेब खूश झाले. "सरपंच, तुमचं गाव जवळजवळ दारिद्र्यमुक्तच आहे की."

टाळ्या पडल्या. फोटोसाठी ड्रोन आणला होता. मंडपाला छत असतं हे इथे आल्यावर कळलं, म्हणून फोटोवाला आता शिडीवर चढू लागला.

लंकाबाई उभी राहिली. "साहेब, आमची वस्ती राह्यली."

साहेबांनी आधी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नकाशात तर दिसत नाही. अहो आजी, हा गावानंच काढलाय. चुकीचा कसा असेल?"

"तीस घरं हायेत, साहेब."

"वस्ती पार खाली हाय ती," सावळीराम हसत म्हणाले. "एवढ्या लांबचं कुठं काढत बसता, मॅडम?"

पण मॅडमना वाईट वाटलं. वाईट वाटण्याचं त्यांना प्रशिक्षण होतं. "या ना आजी, आत या. तुम्हीच दाखवा तुमचं घर. सहभाग म्हणतात तो हाच," असं म्हणत त्यांनी लंकाबाईच्या हातात मूठभर लाल रांगोळी दिली आणि फोटोवाल्याला खूण केली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पटकन आटपा. जेवायला सायखेड्याला पोचायचंय."

लंकाबाई नकाशातल्या ग्रामपंचायतीपासून निघाली. मॅडमचे मोठाले शब्द तिला कळले नव्हते, पण फरशीचा हिशेब कळला होता. सकाळपासून तोच तर कानावर पडत होता. रांगोळी विस्कटू नये म्हणून तिने लुगडं वर धरलं. शाळा ओलांडली, पुलाशी आली. पुलापासून तिचं घर दीडशे पावलं. इतकी वर्षं डोक्यावर हंडा घेऊन ती रोज ती पावलं चालत होती. दीडशे पावलं म्हणजे तीन फरश्या.

पुढे फरशी नव्हती, पायऱ्या होत्या. ती थांबली नाही. पहिली पायरी, पन्नास. दुसरी पायरी, शंभर. वस्तीतल्या बायका बाजूला सरकल्या. तिसऱ्या, शेवटच्या पायरीवर ती वाकली.

"अहो, अहो," साहेब वरून ओरडले, "लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हात लावायला नाही."

लंकाबाईने लाल मूठ तशीच धरून वर पाहिलं.

"सकाळधरनं राखलेत, साहेब. आता उचला तेवढे. माझं घर हाय त्यांच्याखाली."