क्रोशाचं कव्हर

"परत बंद!" मी टेबलावर हात आपटला.

नव्या प्रोग्रामिंग भाषेचा सोर्स कोड बिल्डला, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनवायला, लावून मी स्वयंपाकघरात गेले, की डेस्कटॉप मध्येच बंद पडायचा. सगळी सेटिंग्ज तपासून झाली होती. वैतागून सीपीयूला हात लावला, तर चटका बसला. त्यावर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर जाड अस्तरासकट मागच्या पंख्यापर्यंत ओढलेलं होतं.

"आई, हे तुम्ही घालता?"

"तू उठलीस की घालते. धूळ बसते गं. तुझं इतकं काम असतं त्यात."

कव्हर काढत मी म्हणाले, "त्याला वारा लागतो, आई. नाहीतर तापून बंद पडतो."

संध्याकाळी बिल्ड पूर्ण झालं. आनंदाने सांगायला वळले, तर त्या कव्हर उसवत बसल्या होत्या.

"थांब," म्हणाल्या आणि दोऱ्याने पंख्याचं माप घेऊ लागल्या. "इथे खिडकी ठेवते."