पुलापलीकडच्यांची सहल

"मला नाही यायचं सहलीला," असं म्हणून मिरची बसच्या पायरीवरच ठाण मांडून बसली. "मला पेपर द्यायचाय."

तिच्यामागे पुलापलीकडची सगळी मुलं खोळंबली होती. कुणाच्या काखेत चेंडू होता, कुणाच्या गळ्यात पाण्याची बाटली. सातवीच्या वर्गातली पुलाअलीकडची मुलं तेवढी सभागृहात जाऊन बसली होती. पेनं चालतात की नाही ते बघत होती.

"पेपर काय पळून जातायत?" मुख्याध्यापक म्हणाले. "तळ्यावर होड्या आहेत, होड्या! ऊठ पाहू." मग गणिताच्या बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "बसवा तिला आत. तमाशा नको."

बाईंनी मिरचीचा हात धरला. तो थंडगार होता. त्यांचा स्वतःचा मात्र रागाने तापला होता.

काल त्या मुख्याध्यापकांशी दार लावून भांडल्या होत्या. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे वर्गातल्या चाचण्यांच्या निकालाचा तक्ता होता. अलीकडच्या मुलांची पट्टी हिरवी, पलीकडच्यांची लाल. लाल पट्टी हिरवीच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. पलीकडे गोदामं आणि पत्र्याच्या खोल्या. तिथल्या पोरी पहाटे पाण्याच्या रांगेत उभ्या राहायच्या, धाकट्याला शेजारी टाकायच्या, मग शाळा गाठायच्या. ते कुठल्या रंगात दाखवणार?

"गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत, बाई," मुख्याध्यापक त्यांना समजावत होते. "ही मुलं पेपरला बसली की शाळा खाली जाते. मी काही त्यांना उन्हात उभं करत नाही. सहलीला पाठवतो!"

"गणितात वर्गात मिरचीचा हात कुणी धरू शकत नाही. या पेपरावर मोठ्या शाळेत फुकट जागा मिळते, सर. सातवीनंतर ही संधी नाही. तिचा बाप फी कुठून आणणार?"

"एक तरेल हो, बाकीची बुडवतील. मी काय निवडत बसू? पलीकडची म्हणजे पलीकडची." मग ते हसले. "एवढा उमाळा आलाय, तर सहलीला तुम्हीच जा."

आणि बाई मुकाट्याने आल्या होत्या. नोकरी होती, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. मुख्याध्यापकांचा राग येत होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त येत होता.

बस निघाली. मागे मुलांनी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. मिरची ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली.

"काय गं, सहलीला निघालीस की सासरी?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. तोही पलीकडचाच. मुलं त्याला काका म्हणायची. "अगं, नशीब लागतं नंबर लागायला! माझा तिन्ही वर्षं लागला. पाचवी, सहावी, सातवी. एकदा म्हणून चुकला नाही. आई अख्ख्या गल्लीला सांगत सुटायची, आमच्याला सरांनी निवडलं म्हणून."

"कुठल्या सरांनी?" मिरचीने विचारलं.

"ह्याच की! तेव्हा नवीन होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर केस." तो खो खो हसला. "होडीत मला पुढे बसवायचे. शाळेचं दुसरं काही आठवत नाही बघ, पण ते तळं आठवतं. सातवीनंतर शाळा सुटली. डोकंच नव्हतं आपल्याला. पण सर चांगले."

"काका, तुमच्या होडीत अलीकडची कोण मुलं असायची?"

"अलीकडची?" ड्रायव्हरने गिअर बदलला. "अलीकडची... छे, त्यांचा कुठे नंबर लागायचा!"

पुन्हा हसायला त्याने तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. आरशात त्याचे डोळे मिरचीवरून बाईंवर गेले.

"बाई?"

बाईंना गप्प बसता आलं असतं.

"त्यांचा पेपर असायचा," त्या म्हणाल्या. "ही पद्धत सरांनीच पाडली. कौतुकाने सांगतात सगळ्यांना."

ड्रायव्हरच्या मानेवरची शीर ताठली. मागे मुलं टाळ्या पिटत होती.

"तिन्ही वर्षं?" त्याने विचारलं.

"तिन्ही वर्षं."

"पेपर कधी सुरू होतो?"

"साडेदहाला. कागद पटावरच्या सगळ्यांचे येतात. हिचाही आलाय."

पुढच्या चौकात बसने असं वळण घेतलं की मागे चेंडू गडगडत गेले. "काका, तळं तिकडे राहिलं!" मुलं ओरडली.

"ठाऊक आहे. धरून बसा."

बाई उठून त्याच्या सीटशी येऊन उभ्या राहिल्या. "जोरात घ्या," त्या म्हणाल्या. "नोकरी गेली तर गेली."

बस फाटकात शिरली तेव्हा घंटा होत होती. मिरची सगळ्यांच्या आधी उडी मारून पळाली, तिच्यामागे बाकीची. सभागृहाच्या दारात बाहेरून आलेल्या पर्यवेक्षिका उभ्या होत्या. "आहेत ना पटावर? मग बसा पटपट," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठ्यातून कागद काढायला सुरुवात केली. त्यांच्यासमोर मुख्याध्यापकांना काही बोलता येईना. ते तसेच बसकडे धावत आले. तोंड लालबुंद झालं होतं.

"कुणाला विचारून आलास परत? सहल सोडून?"

ड्रायव्हर सावकाश खाली उतरला. बसचं दार त्याने लावून घेतलं.

"सोडून नाही, सर. सहलीवरूनच आलोय," तो म्हणाला. "माझ्या सातवीतल्या. परत यायला जरा उशीर झाला."