ओट्यापाशी तालीम

“जे सिद्ध करता येत नाही, ते मी मानत नाही,” डॉक्टर माइकवर गरजला. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मागून कुणीतरी ओरडलं, “पाद्रीबुवा, बोला की आता.”

पाळक शांतपणे उठले. “मग हे वाक्य तेवढं सिद्ध करून दाखवा,” ते म्हणाले. “नाहीतर तेही मानू नका.”

डॉक्टर चिडला, आणि तिथेच संपला. पाळकांनी त्याला सोडलं नाही. चमत्कार, पुनरुत्थान, एकेक मुद्दा घेऊन त्याची पार भंबेरी उडवली. याच माणसाच्या नादी लागून मंडळीतली तरणीताठी पोरं उपासनेला यायची बंद झाली होती. आज त्याला भर सभेत घाम पुसताना बघून पाळकांचं काळीज थंड झालं. क्षमाबिमा रविवारी बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

हे सगळं बळ ओट्यापाशी कमावलेलं होतं. पाळकीणबाई सभांना कधी जात नसत. पण प्रत्येक सभेआधी त्या घरात नास्तिक व्हायच्या आणि भाजी चिरता चिरता नवऱ्याला धारेवर धरायच्या. लेक तापात गेली, तेव्हापासून तर त्यांची जीभ फारच तिखट झाली होती. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. पाळक दर वेळी नवं उत्तर द्यायचे. बाई म्हणायच्या, “नाही पटलं. पुन्हा सांगा.” इतका कसलेला प्रतिपक्ष घरबसल्या मिळाला, याचं पाळकांना भारी कौतुक वाटायचं.

ते घरी आले ते हवेतच. बाई भांडी विसळत होत्या.

“पार लोळवलं गं त्याला,” ते म्हणाले. “तुझ्या पासंगालाही पुरला नाही तो. आजारी लेकरासाठी आईबाप गुडघे टेकून बसले होते, तेव्हा ऐकणारा कुठे होता, हा तुझा हुकमी प्रश्न. तो तर त्याला सुचलाच नाही. फक्कड उत्तर तयार होतं माझं.”

बाईंनी नळ बंद केला.

“त्याला कसा सुचेल? त्याची थोडीच लेक गेलीय,” त्या म्हणाल्या. “अहो, तालीम तुमची चालायची. मी खरंच विचारत होते.”